स्थावर आणि जंगम : ए. के. रामानुजन यांचे स्मरण

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ज्या वाचनालयाच्या बाकावर बसून मी शाळकरी वयात पहिली कादंबरी वाचली, त्याच वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त चार शब्द बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी चालकांचा मनःपूर्वक आभारी आहे. आपल्या गावाशी नाते सांगणाऱ्या आणि पुढे परदेशी गेलेल्या एखाद्या व्यासंगी माणसाविषयी बोलावे, असे मला सुचविण्यात आले. मी आत्तिपट्ट कृष्णस्वामी रामानुजन यांचे नाव कळविले. त्यावर एका स्नेह्यांनी मला रस्त्यात थांबवून विचारले, ‘‘सर, हे गृहस्थ मराठी होते का?’’ मी म्हटले, ‘‘नाही. त्यांची मातृभाषा तमिळ. कविता त्यांनी इंग्रजीत आणि कन्नडमध्ये लिहिली. आयुष्याची शेवटची तीसेक वर्षे शिकागोत काढली आणि तिथेच ते वारले.’’ स्नेही क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘‘मग आपला आणि त्यांचा संबंध काय?’’

प्रश्न रास्त होता. त्याला रस्त्यात उभ्याउभ्या देण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नव्हते. आज जे बोलणार आहे, ते म्हणजे त्या प्रश्नाला सावकाशीने दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

वरवरचा संबंध सांगणे अगदी सोपे आहे. पन्नासच्या दशकात हा मनुष्य आपल्या बेळगावात लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत होता. त्या वेळी ते नाव कोणालाही ठाऊक नव्हते. विशी-पंचविशीतला एक तरुण प्राध्यापक, एवढीच त्याची ओळख. तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यानंतर आपल्या गावात भाषा हा शब्द कोणत्या स्वरात उच्चारला जाऊ लागला, हे तुम्हांला मी सांगायला नको. रामानुजन १९५७ च्या सुमारास इथून बडोद्याला, महाराज सयाजीराव विद्यापीठात गेले. तिथून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राच्या अभ्यासासाठी आले, आणि १९५९ साली अमेरिकेला गेले. म्हणजे म्हैसूरचा हा तमिळभाषक तरुण देश सोडण्यापूर्वी बेळगाव, बडोदे आणि पुणे या, मराठी ज्यांच्या घराघरांत बोलली जाते अशा तीन गावांतून गेला. पण निव्वळ मुक्कामाच्या आधारे कोणावर हक्क सांगावा, असे मला वाटत नाही. गावातून अनेक जण जातात. संबंध जोडावा लागतो, तो दुसऱ्याच कारणासाठी.

ते कारण समजण्यासाठी थोडे मागे, म्हैसूरला जायला हवे. रामानुजन यांचा जन्म १६ मार्च १९२९ रोजी एका अय्यंगार कुटुंबात झाला. वडील म्हैसूर विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. घर तमिळ, गाव कन्नड आणि विद्या इंग्रजी, अशी एकंदर स्थिती. स्वयंपाकघरात आईशी तमिळ बोलायचे, माडीवर वडिलांच्या अभ्यासिकेत इंग्रजी, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की कन्नड. जिना चढताउतरताना भाषा बदलायची, आणि त्यात आपण काही विशेष करीत आहोत असे त्या मुलाला वाटतही नसे. आपल्यापैकी ज्यांचे बालपण टिळकवाडीत, शहापुरात किंवा अनगोळात गेले आहे, त्यांना हे नवलाचे वाटणार नाही. आपणही घरात मराठी, बाजारात कन्नड, कचेरीत इंग्रजी आणि दर्ग्याजवळच्या गल्लीत दखनी बोलतच मोठे झालो. फरक इतकाच, की त्या जिन्याचे पुढे काय करायचे हे रामानुजन यांनी ठरविले, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ठरविले नाही.

वडिलांविषयी त्यांनी ‘भारतीय विचारपद्धती असे काही आहे का?’ या आपल्या गाजलेल्या निबंधात लिहिले आहे. हे गृहस्थ धोतर नेसत आणि वर विलायती कोट घालीत. पायांत मोजे-बूट असत, पण घराच्या आतल्या भागात जाताना ते उतरवीत. सकाळी स्नानानंतर गीता वाचीत आणि त्याच आवडीने बर्ट्रांड रसेलविषयी बोलत. त्यांच्याकडे परदेशी गणिती येत, तसेच पंचांगे घेऊन गावचे ज्योतिषीही येत. एकाच माणसाच्या डोक्यात खगोलशास्त्र आणि फलज्योतिष शेजारी शेजारी कसे राहू शकतात, याचा विज्ञानाने भारलेल्या मुलाला राग येई. स्नान करून गीता वाचणारे तुम्ही रसेलविषयीही आवडीने कसे बोलू शकता, असे त्याने एकदा विचारले. मेंदूला दोन भाग असतात हे तुला ठाऊक नाही काय, अशा अर्थाचे उत्तर देऊन वडील मोकळे झाले. पुष्कळ वर्षांनी, स्वतः जगन्मान्य विद्वान झाल्यावर, मुलाला त्या उत्तरातील खोच उमगली. आपल्याकडचे पुष्कळसे विचार संदर्भासह चालतात. माणूस, काळ, स्थळ बदलले की नियम बदलतो. याला विसंगती म्हणून हसावे, की ती विचाराचीच एक रीत मानून समजून घ्यावी, असा तो प्रश्न होता. निबंधात त्यांनी बापाची बाजू घेतली नाही आणि निंदाही केली नाही. शीर्षकातल्याच प्रश्नातील एकेका शब्दावर जोर देऊन त्यांनी तो प्रश्न निरनिराळ्या प्रकारांनी विचारून पाहिला. स्वतंत्र बुद्धी म्हणतात ती हीच, असे मला वाटते. उत्तर हाताशी असतानाही प्रश्न पुन्हा उलटून पाहण्याचे धैर्य तिच्यात असते.

श्रोतेहो, आता मी आपल्याला एका ग्रंथालयात नेणार आहे. ते आपले नव्हे. ते शिकागो विद्यापीठाचे आहे. साल १९६२. रामानुजन तिथे नुकतेच अध्यापक म्हणून रुजू झाले होते. एका शनिवारी ते हार्पर ग्रंथालयाच्या तळघरात प्राचीन तमिळचे एखादे प्राथमिक व्याकरण मिळते का, हे शोधायला गेले. घरात तमिळ बोलत वाढलेल्या या माणसाला प्राचीन तमिळ येत नव्हती, हे ध्यानात घ्या. त्यांचे शिक्षण इंग्रजीतले, बाहेरची भाषा कन्नड. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ काव्याशी त्यांची गाठ कधी पडलीच नव्हती. आणि त्या तळघरात, धुळीच्या फडताळावर, त्यांच्या हाती ‘कुरुंतोहै’ हा प्राचीन काव्यसंग्रह पडला. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी १९३७ साली संपादून प्रसिद्ध केलेला. या स्वामिनाथ अय्यरांनी गावोगाव हिंडून, मठांतून आणि घरांच्या माळ्यांवरून ताडपत्रे मिळवून, तमिळचे हे हरवलेले धन उजेडात आणले होते. म्हणजे ताडपत्र एका म्हाताऱ्या पंडिताने वाचविले, छापील प्रत कोण्या ग्रंथपालाने मागवून सातासमुद्रांपलीकडे ठेवली, आणि ज्याची ती भाषा होती त्याला ती तिथे सापडली.

या प्रसंगाविषयी पुढे लिहिताना रामानुजन यांनी जो विचार मांडला, तो माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. आपली परंपरा आपल्याला जन्माने आयती मिळत नाही, ती कमवावी लागते, असे त्यांचे म्हणणे. सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी ती आपल्या नावावर होत नाही. ती वाचून, शिकून, चुकून, पुन्हा वाचून मिळवावी लागते. आणि कधी कधी ती घरापासून फार लांब गेल्यावरच समोर येते.

त्या तळघरातून जे निघाले ते १९६७ साली ‘द इंटीरियर लँडस्केप’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाले. प्राचीन तमिळ काव्याचे दोन भाग. ‘अहम्’ म्हणजे अंतरीचे, प्रेमाचे काव्य आणि ‘पुरम्’ म्हणजे बाहेरचे, युद्धाचे, राजांचे आणि दातृत्वाचे. अहम् काव्यात पाच भूप्रदेश आणि त्यांना जोडलेल्या प्रेमाच्या पाच अवस्था. डोंगर म्हणजे मीलन, रान म्हणजे धीराने वाट पाहणे, शेतीचा सुपीक मुलूख म्हणजे प्रियकराची प्रतारणा आणि प्रियेचा रुसवा, समुद्रकाठ म्हणजे व्याकूळ काळजी, आणि उन्हाने करपलेले माळ म्हणजे दूरदेशी गेलेल्याचा विरह. कवीने फुलाचे नाव घेतले की वाचकाला मनाची अवस्था कळते. आपल्या गाथासप्तशतीचे वाचन ज्यांनी केले आहे, त्यांना येथे ओळखीच्या खुणा दिसतील. स. आ. जोगळेकरांची सटीप आवृत्ती १९५६ साली निघाली. तीत गोदातीरीच्या त्या प्राकृत गाथांमधली शेते, वाटा आणि वाट पाहणाऱ्या बायका पाहाव्यात, आणि मग या तमिळ कवितांकडे जावे. महाराष्ट्री प्राकृत आणि तमिळ या दोन काव्यांत जवळीक असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. भाषाकुले वेगळी आहेत, पण दोन्हीकडचा वाटसरू एकाच उन्हात चालतो आहे.

येथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागेल. ती सांगताना संकोच वाटतो, पण ती टाळली तर हे भाषण खोटे ठरेल.

माझे बालपण ज्या गल्लीत गेले, तिथे शेजारी एक लिंगायत कुटुंब राहत होते. घरातल्या वृद्ध बाईंना आम्ही सगळे अव्वा म्हणत असू. पहाटे सडासंमार्जन करताना अव्वा काहीतरी म्हणत. गाणे नव्हे, बोलणेही नव्हे, दोहोंच्या मधले. त्याच्या शेवटी एक शब्द पुन्हा पुन्हा येई, ‘कूडलसंगमदेवा’. आम्हां पोरांना तो शब्द गमतीचा वाटे, आणि खेळताना आम्ही त्याची नक्कलही करीत असू. पुढे मी मराठी विषय घेऊन एम. ए. झालो. संतसाहित्याचा पेपर मन लावून अभ्यासला. महानुभाव, वारकरी, दत्त, समर्थ, सगळे संप्रदाय मला तोंडपाठ. वीरशैव वचनकारांचा उल्लेख त्यात एका वाक्यात आला होता आणि ते वाक्य मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्या वाक्याचा आणि अव्वांच्या पहाटेचा काही संबंध असेल, हे माझ्या मनातही आले नाही.

नोकरी लागल्यावर काही वर्षांनी, पुण्याच्या एका पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ‘स्पीकिंग ऑफ शिवा’ हे छोटेखानी इंग्रजी पुस्तक मिळाले. पेंग्विनने १९७३ साली काढलेले. अनुवादक ए. के. रामानुजन. बसवण्णा, देवर दासिमय्या, अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू यांच्या वचनांचे अनुवाद. परतीच्या गाडीत मी ते वाचू लागलो. बसवण्णांच्या प्रत्येक वचनाच्या अखेरीस एक संबोधन होते, ज्याचा अर्थ ‘भेटणाऱ्या नद्यांचा प्रभू’. दोन-तीन पाने गेली, आणि एकदम लक्षात आले. कूडल म्हणजे संगम. कूडलसंगमदेव म्हणजे मलप्रभा आणि कृष्णा जिथे भेटतात तिथला देव. जी मलप्रभा आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते, जिच्या काठाने मी शेकडो वेळा गेलो आहे, त्याच नदीच्या संगमावरचा देव अव्वा रोज पहाटे माझ्या कानांशी हाक मारून बोलावीत होत्या. तो शब्द मला इंग्रजीने समजावून सांगितला, आणि इंग्रजीत तो आणणारा मनुष्य शिकागोत बसलेला होता. गल्लीतल्या गल्लीत चार पावलांचे अंतर मला ओलांडता आले नव्हते, आणि त्यासाठी मला अमेरिकेमार्गे यावे लागले.

गावी आल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती अव्वांकडे जाण्याची. परंतु अव्वा त्याआधी दोन वर्षे निवर्तल्या होत्या. त्यांना किती वचने येत होती, ती त्यांना कोणी शिकविली, त्यांतली छापील पुस्तकात नसलेली किती होती, हे आता कोणाला विचारणार?

असो. ‘स्पीकिंग ऑफ शिवा’च्या प्रस्तावनेत रामानुजन यांनी बसवण्णांच्या एका वचनाच्या आधारे ‘स्थावर’ आणि ‘जंगम’ या दोन शब्दांचा जो विस्तार केला आहे, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. स्थावर म्हणजे जे उभे आहे, बांधलेले आहे, मालमत्ता आहे, देऊळ आहे. जंगम म्हणजे जे चालते, फिरते, जिवंत आहे. बाराव्या शतकातल्या कल्याणमध्ये, म्हणजे आजच्या बसवकल्याणमध्ये, वचनकारांनी दगडी देवळापेक्षा चालत्याबोलत्या देहाला मान दिला आणि विद्वानांच्या संस्कृताऐवजी बोलीतल्या गद्यप्राय वचनांत देवाशी संवाद केला. ज्ञानदेवांच्या आधी शंभर-सव्वाशे वर्षे हे घडले. आपल्या ज्ञानदेवांनीही विठ्ठलाला कानडा म्हटले आहे. त्या शब्दाचा अर्थ कोणी भाषेकडे नेतात, कोणी अगम्यतेकडे. पण पंढरीच्या वाटेवर कन्नड मुलखातून येणाऱ्या दिंड्या पाहणाऱ्याला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

हे दोन शब्द मला रामानुजन यांनाही लावावेसे वाटतात. परदेशी गेलेल्या माणसाविषयी आपण म्हणतो, तो तिकडे ‘स्थायिक’ झाला. त्या शब्दात एक सूक्ष्म तक्रार असते. गेला तो गेला, तिकडचा झाला. रामानुजन तीस वर्षांहून अधिक काळ शिकागोत राहिले, तिथे मानाच्या पदांवर चढले, १९८३ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. पण त्यांची बुद्धी स्थायिक झाली नाही. भारतीय-अमेरिकन या जोडशब्दाच्या मधली जी आडवी रेघ असते ती मी, असे ते विनोदाने म्हणत. शिकागोत राहून त्यांनी कन्नडमध्ये लिहिणे सोडले नाही. १९६९, १९७७ आणि १९९० अशा तीन वर्षी त्यांचे कन्नड कवितासंग्रह निघाले, आणि १९७८ मध्ये एक कन्नड कादंबरीही. यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’ कादंबरी त्यांच्या १९७६ च्या अनुवादाने जगापुढे गेली. नम्माळवारांची तमिळ स्तोत्रे १९८१ साली इंग्रजीत आली. स्वतःची इंग्रजी कविता मात्र त्यांनी फार जपून बाहेर काढली. १९६६, १९७१ आणि १९८६ असे तीनच संग्रह. मधल्या पंधरा वर्षांत लिहीत नव्हते असे नाही, पण छापण्याची घाई नव्हती. आजी, आई, बहिणी, माजघर, वडिलांचा अंत्यविधी असे विषय. सूर मात्र कढ काढणारा नव्हे. आठवणीतल्या प्रत्येक गोष्टीकडे ते किंचित तिरक्या नजरेने, स्वतःला चिमटा काढीत पाहतात. परदेशी गेलेल्यांच्या लेखनात पुष्कळदा तुळशीवृंदावन आणि अश्रू यांचे जे मिश्रण आढळते, त्याचा येथे मागमूसही नाही.

मोकळ्या मनाच्या माणसाला किंमत मोजावी लागते. ती रामानुजन यांच्या निबंधाने त्यांच्या मृत्यूनंतर मोजली. ‘तीनशे रामायणे’ हा तो निबंध. १९८७ मध्ये व्याख्यान म्हणून दिलेला आणि १९९१ मध्ये ग्रंथात प्रसिद्ध झालेला. त्याच्या आरंभी एक लोककथा आहे. रामाची अंगठी जमिनीतल्या बिळात पडते. हनुमान लहान रूप घेऊन ती आणायला पाताळात जातो. तिथला राजा त्याच्यापुढे अंगठ्यांनी भरलेले ताट ठेवतो आणि म्हणतो, तुझ्या रामाची असेल ती उचल. साऱ्या सारख्याच. प्रत्येक रामावताराच्या अखेरीस एक अंगठी पाताळात येते, आणि ताटात जितक्या अंगठ्या तितके राम होऊन गेले. वाल्मीकी, कंबन, जैन रामायण, थाई रामायण आणि कन्नड लोककथा यांतून रामकथा कशी नवनवे रूप घेते, हे निबंधात दाखविले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमात हा निबंध होता. त्यावर २००८ मध्ये हिंसक निदर्शने झाली, आणि २०११ मध्ये विद्वत्परिषदेने तो वगळला. बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले. भावना दुखावल्या असे म्हणणाऱ्यांचा प्रामाणिकपणा मी नाकारीत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून मला एवढेच सुचते, की ज्या भाषेत एकनाथांचे भावार्थरामायण आहे, आणि ज्या भाषेत मोरोपंतांनी एकट्याने एकशे आठ रामायणे रचण्याचा पण केला, त्या भाषेच्या वाचकाला तीनशे हा आकडा ऐकून दचकण्याचे कारण नाही. पंतांच्या बारामतीत एका माणसाच्या ताटात एकशे आठ अंगठ्या होत्या.

स्मरण करायचे म्हणजे केवळ स्तुती करायची, असे मी मानीत नाही. रामानुजन यांच्या अनुवादांवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत. तेजस्विनी निरंजना यांनी १९९२ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात, वचनांना इंग्रजीत आणताना त्यांनी आधुनिक पाश्चात्त्य कवितेचा पेहराव चढविला आणि वचनांचा मूळ धारदारपणा बोथट झाला, अशा आशयाची टीका केली. ती वाचून पुढे मी वचने कन्नडमधून वाचण्याचा प्रयत्न सुरू केला, अडखळत, कोश शेजारी ठेवून. तेव्हा टीकेत तथ्य आहे असे काही ठिकाणी मलाही जाणवले. अव्वांच्या आवाजातला तो खडबडीत, घरगुती ठसका इंग्रजी ओळींच्या नेटक्या पायऱ्यांत हरवतो. पण हेही खरे, की त्या पायऱ्या नसत्या तर मी त्या दारापर्यंत पोहोचलोच नसतो. अनुवादाचे अपुरेपण कळण्याइतके मूळ वाचायला लावणे, हेदेखील अनुवादाचेच काम नव्हे काय?

१३ जुलै १९९३ रोजी शिकागो येथे शस्त्रक्रियेच्या वेळी रामानुजन यांचे निधन झाले. वय अवघे चौसष्ट. त्यांच्या समग्र कविता १९९५ मध्ये निघाल्या आणि त्यांना १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मरणोत्तर मिळाला. पन्नासच्या दशकात, म्हणजे अध्यापनाच्या पहिल्याच वर्षांत, त्यांनी कन्नड म्हणी आणि लोककथा टिपून घ्यायला सुरुवात केली होती. म्हणींचे त्यांचे पुस्तक १९५५ सालचे. कथांचे काम जन्मभर चालले, आणि तो कन्नड लोककथांचा संग्रह १९९७ मध्ये, ते गेल्यानंतर, प्रसिद्ध झाला. आपल्याकडे दुर्गाबाई भागवतांनी ज्या निष्ठेने लोककथांकडे पाहिले, तीच निष्ठा येथे दिसते. म्हाताऱ्या बायकांच्या तोंडच्या कथा पंडितांच्या ग्रंथांइतक्याच आदराने ऐकायच्या. त्यांतल्या फुलझाड होणाऱ्या मुलीच्या कथेवर जॉन ॲडम्स या अमेरिकन संगीतकाराने ऑपेरा रचला आणि २००६ मध्ये तो व्हिएन्नात झाला.

त्यांच्याच संग्रहातली एक कथा सांगून मी थांबणार आहे. गिरीश कार्नाड यांनी ‘नागमंडल’ नाटकाच्या आरंभी जिचा उपयोग केला, तीच ही कथा. ती त्यांना रामानुजन यांच्याकडूनच मिळाली होती.

एका बाईला एक कथा आणि एक गाणे येत होते. पण ती कोणाला सांगत नसे. कोंडून पडलेली कथा आणि गाणे कंटाळली. एके दिवशी ती झोपली असताना दोघेही बाहेर निसटली. कथेने जोड्यांचे रूप घेतले आणि ती उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. गाणे अंगरखा होऊन खुंटीवर लटकले. नवरा घरी आला. परक्या पुरुषाचे जोडे आणि अंगरखा पाहून त्याने विचारले, कोण आले आहे? बाई म्हणाली, कोणी नाही. भांडण झाले. रागावून तो मारुतीच्या देवळात झोपायला गेला. रात्री गावातले दिवे विझले की त्यांच्या ज्योती त्या देवळात गप्पा मारायला जमत. या घरची ज्योत उशिरा आली, आणि तिने भांडणाचे खरे कारण इतर ज्योतींना सांगितले. नवऱ्याने ते ऐकले. पहाटे घरी येऊन त्याने बायकोला विचारले, तुझी ती कथा आणि ते गाणे कोणते? बाई म्हणाली, कसली कथा, कसले गाणे? ती दोन्ही विसरून गेली होती.

श्रोतेहो, ही कथा वाचताना मला आपल्या गावाची आठवण होते. गेली सहा-सात दशके आपण एकमेकांच्या उंबऱ्यावरचे जोडे पाहून संशय घेत आलो. मराठी माणसाने कन्नड पाटीकडे पाहून, कन्नड माणसाने मराठी पाटीकडे पाहून. आपल्या मागण्यांविषयी, हक्कांविषयी मी आज काही बोलणार नाही. त्यासाठी दुसरी व्यासपीठे आहेत, आणि आपल्या भाषेची शाळा टिकावी, कागदपत्रे आपल्या भाषेत मिळावीत, असे मलाही तुमच्याइतकेच वाटते. पण ते जोडे परक्याचे नव्हते. ती घरातलीच, कोणी न सांगितलेली गोष्ट होती. अव्वांची वचने माझ्या उंबऱ्याशी अशीच पडून होती.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने वाचनालयाच्या चालकांना मी एक विनंती करतो. आपल्या संग्रहात एक लहानसे कपाट कन्नड साहित्याच्या मराठी अनुवादांचे आणि मूळ कन्नड ग्रंथांचे असावे. द. रा. बेंद्रे ज्यांच्या घरी मराठी बोलली जाई आणि जे कन्नडचे महाकवी झाले, त्यांच्यापासून त्याची सुरुवात करता येईल. त्या कपाटासाठी पहिली काही पुस्तके मी आज सोबत आणली आहेत. त्यांत पदपथावरून घेतलेली ‘स्पीकिंग ऑफ शिवा’ची ती जुनी प्रतही आहे. माझ्या घरी ती स्थावर होऊन पडली आहे. येथे ठेवली तर ती चालू लागेल, अशी आशा आहे. कोण जाणे, पन्नास वर्षांनी एखाद्या शनिवारी एखादा मुलगा दुसरेच काही शोधायला येईल आणि त्याच्या हाताला ती लागेल.

‘‘मग आपला आणि त्यांचा संबंध काय?’’ या प्रश्नाला मला सुचलेले उत्तर हे एवढेच आहे. माझे ते स्नेही समोर बसलेले मला दिसत आहेत. त्यांचे समाधान झाले की नाही, हे ते मला पुन्हा रस्त्यात भेटून सांगतीलच.